मागल्या गाडीनं

विठ्ठलरावांच्या तीन गाड्या तलवाड्याच्या वेशीत जुंपून उभ्या होत्या. काशीला माणसं निघाली म्हटल्यावर सगळं गाव गोळा होणारच. हलगी कडाडत होती, सुवासिनी बैलांच्या कपाळाला कुंकू लावत होत्या, म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून 'चुकलंमाकलं पोटात घाला' म्हणत होती. तिसऱ्या गाडीत एक जागा मोकळी होती. ती आसारामची.

आसाराम चाकाला धरून उभा होता. काखेत गाठोडं. त्यात त्याचं एक धोतर आणि बायकोचं, मंजुळाबाईचं, हिरवं लुगडं.

"बस की बे," विठ्ठलराव म्हणाले. "म्हूर्त टळंल."

"एक इचारायचंय," आसाराम म्हणाला. "त्या ठेसनावर दोन रोज थांबाल का?"

हलगी थांबली. कोणतं ठेसन, हे गावात कुणाला सांगायला नको होतं. गेल्या साली काशीहून परतताना मंजुळाबाईला पटकी लागली. आगगाडीतच उलट्या. डब्यातली माणसं आरडाओरडा करायला लागली. डागदर आला तर सगळ्यांनाच कोंडून ठेवील म्हणून जथा घाबरला, आणि टळटळीत दुपारी तिला एका ठेसनावर झाडाखाली निजवलं. आसाराम जवळ बसला होता. शिट्टी झाली, विठ्ठलरावांनी हाक मारली, तेव्हा ती बाईच म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी मागल्या गाडीनं येते." आणि आसाराम म्होरं झाला. झाला बापा, काय सांगायचं! चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिचं ऐकलं ते एवढंच.

मागली गाडी वर्ष झालं तरी आली नाही. जालन्याकडून येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला आसाराम वेशीत आडवा जायचा. लोक म्हणाले, दहावा घाल, मोकळा हो. त्यानं घातला नाही. शोधायला जावं, तर इतक्या लांब एकट्यानं कोण जातं? म्हणून तो पुन्हा जथा निघायची वाट बघत बसला. आज जथा निघाला होता.

"आसाराम," विठ्ठलराव आवाज उतरवून म्हणाले, "जथा कुनासाठी थांबत न्हाई. थांबला तर जथा कशाचा? गंगेत तिच्या नावानं बुडी मार, अन् सुटका करून घे."

"मंग ठेसनाचं नाव तरी सांगा."

गेल्या सालच्या चौदा जणांत वाचता येत होतं ते विठ्ठलरावांना एकट्याला, आणि ते तर खिडकीकडं पाठ करून माणसं मोजत होते.

"कडुलिंब व्हता बघ मोठा," ते म्हणाले.

"चिंच व्हती," गाडीतून बंकट म्हणाला.

"पांगरा व्हता," केशरबाई म्हणाल्या. विठ्ठलरावांच्या याच कारभारणीनं मंजुळाबाईला हाताला धरून खाली उतरवलं होतं. "लाल फुलला व्हता, भावजी." आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

आसारामला झाड आठवतच नव्हतं. त्याला तिचे पाय आठवत होते. धुळीत पालथे पडलेले, एका बोटातलं जोडवं निसटलेलं. ते बसवायलासुद्धा तो थांबला नव्हता.

"आन् तिचं तिकीट?" त्यानं विचारलं. "ते तर तुमच्याच पिशवीत राह्यलं. बिगरतिकिटाची ती गाडीत बसंल कशी?"

"जालन्याला दिलं की. चौदाच्या चौदा एकदमच दिली बाबूला."

"म्हंजी त्येच्या हिशेबी ती आली."

"येड्यावानी बोलू नगंस," विठ्ठलराव एकदम चिडले. "आपण काय सोडली का तिला? ती आपली आपण उतरली. समद्या गावाला ठावं हाय."

आसारामनं चाक सोडलं. "निघा तुमी. मी एकलाच जातो."

"एकला? अक्षर वाचता येईना तुला. कुठलं तिकीट काढशील बे?"

"म्होरल्या ठेसनाचं. उतरंन, इचारंन. न्हाई घावली तर त्येच्या म्होरल्याचं."

गाड्या हलल्या. केशरबाईंनी जाता जाता भाकरीचं फडकं खाली वाकून त्याच्या हातात दिलं. जय म्हणायचं लोकांना उशिरा सुचलं.

धूळ बसल्यावर आसाराम जालन्याकडं जाणाऱ्या शहागडच्या वाटेला लागला. तिकडच्या मुलखात मराठी कोण समजून घेणार? गेवराईच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या मणियाराशी बोलून बोलून चार मोडकेतोडके शब्द आले होते. तेच त्यानं जुळवले आणि चालता चालता घोकायला लागला.

"हमारी औरत इधर उतरी थी. कोई देख्या क्या?"

दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा तो 'उतरी'पाशी अडला. ज्वारीच्या रानाकडेला तो मटकन खाली बसला आणि रडला. लई रडला. वर्षभर लोकांदेखत आवरून धरलेलं सगळं तिथं ओतलं. मग उठला, मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं, गाठोडं काखेत घेतलं आणि चालता चालता पुन्हा पहिल्यापासून म्हणाला,

"हमारी औरत को हम इधर छोडके गये थे. कोई देख्या क्या?"