टाकायचं नाही

पोहण्याच्या स्पर्धेनंतर पालकांच्या सभेत पडद्यावर निळ्या झाकणाचा डबा दिसला आणि आईने मान खाली घातली. तसाच डबा तिच्या घरी पिठाच्या पिंपामागे होता.

“ताकदीची पूड म्हणून विकतात,” तपासणीला आलेल्या बाई पालकांना सांगत होत्या. “आत बंदी असलेलं औषध. जिच्या लघवीत सापडेल, दोष तिचाच. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. आजच्या शर्यतीतल्या पहिल्या दोघींची तपासणी आत्ताच आहे.”

“तुमची पहिली, माझी चिमणी दुसरी,” शेजारीण आईच्या कानाशी लागली. “गेल्या वर्षी माझी पोहायची की नुसती भिजायची, तेच कळत नव्हतं. तुमच्या लेकीची संगत लागली हो.”

आईला हसता आलं नाही. गेल्या वर्षी लेक निवडीत थोडक्यात हुकली. उशीत तोंड खुपसून रडली. तेव्हा व्यायामशाळेतल्या एकाने हा डबा दिला. ‘कुणाला बोलू नका,’ म्हणाला. का, ते तिनेही विचारलं नाही. देवाचं नाव घेतल्याशिवाय घरात घास उचलायचा नाही, हा तिचाच नेम. दुधात पूड कालवताना मात्र तिने एकदाही देवाचं नाव घेतलं नव्हतं.

ती उठून कपडे बदलायच्या खोलीपाशी गेली. लेक केस पुसत बाहेर आली.

“बाळा, तुझ्या दुधात मी एक पूड घालत होते. तुला न सांगता.”

“तरीच ते कडू लागायचं. मी पहिल्या दिवशी एक घोट घेतला, तो थुंकला. पुन्हा तोंड लावलं नाही.”

“खरं सांगतेस?”

“तुझी शपथ.”

आई भिंतीला टेकली. म्हणजे पोर स्वतःच्या बळावर जिंकली होती. भरवसा नव्हता तो आपल्यालाच. तिला लेकीकडे बघवेना.

समोरून शेजारणीची चिमणी हात हलवत तपासणीच्या खोलीत शिरली. दार लागलं.

“सरावाला दिलेली दुधाची बाटली तर रोज रिकामी यायची,” आई डोळे पुसत म्हणाली. “ओतून द्यायचीस ना? बरं केलंस गं.”

लेकीला ते लागलं. “ओतेन कशी? अन्न टाकायचं नाही, तूच ना शिकवलंस? रोज चिमणीला द्यायचे.”