ओट्यावरची घरपट्टी

चीनच्या लढाईनंतरचे काटकसरीचे दिवस. तंजावुरात नवी घरपट्टी येणार, तीही घरापुढच्या ओट्यासकट, अशी बातमी आली आणि पंचनदरावांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सभा भरू लागली. दहाबारा जण सरकारचे वाभाडे काढत, आणि आत अलमेलुबाई घाम पुसत त्यांच्यासाठी कॉफी गाळत.

"आधीच महागाई, गरिबानं जगावं कसं?" पंचनदराव गरजत. मग दाराकडे मान वळवून म्हणत, "अगे, आणखी एक फेरी येऊ दे!"

अलमेलुबाई कोपऱ्यावरच्या गणपतीला नारळाचा नवस बोलल्या. नवस पट्टी टळावी म्हणूनच असणार, बायकोलाही राजकारण कळू लागलं, म्हणून पंचनदरावांचा ऊर भरून आला.

पण पट्टी बसलीच. "ओट्याची एक दमडी देणार नाही!" म्हणत पंचनदरावांनी गवंडी बोलावून ओटाच फोडून टाकला. बसायलाच जागा उरली नाही, तेव्हा मंडळी पांगली.

दुसऱ्या दिवशी अलमेलुबाई नारळ घेऊन निघाल्या.

"अगे, पट्टी तर बसली! नवस कसला फेडतेस?"

 

"मी एवढंच मागितलं होतं, की संध्याकाळी दोनच पेले घासायला लागू देत."