भाड्याचं पिस्तूल

"जवळ बाळगायला हवं, आणि नेमबाजीलाही," नेडीन कोलार म्हणाली. पर्स तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. "दोन्हीला मिळून एकच."

काउंटरपलीकडे डार्ला फेन्स्की हसली. दुकान तिचंच होतं. "सगळ्यांना तेच हवं असतं, मिसेस कोलार. खिशात मावतं ते नेमाला धड नसतं, आणि नेमाला चांगलं ते कमरेला धोंडा होतं."

काचेखालून तिने एक छोटं पिस्तूल काढलं. रिकामं आहे हे आधी स्वतः पाहिलं, मग नेडीनला दाखवलं आणि तिच्या हातात दिलं. जेमतेम पत्त्यांच्या कॅटाएवढं.

"हलकं आहे की."

"म्हणूनच नको. गोळी सुटली की हातात उसळतं. वजनदार असलं की धक्का ते स्वतः खातं, तुमच्या मनगटावर ढकलत नाही."

गोळी चढवायला दुसऱ्या पिस्तुलाचा वरचा भाग नेडीनला मागे ओढवेना. तिच्या बोटांची पेरं सुजलेली होती. तिने तीनदा जोर लावला आणि निमूटपणे ते काचेवर ठेवलं.

खिडकीपाशी स्टुलावर व्हर्न बसला होता. हा म्हातारा रोज यायचा, कॉफी प्यायचा आणि काही न घेता जायचा. "डार्ला, रिव्हॉल्व्हर दे त्यांना," तो म्हणाला. "त्यात ओढायचं-बिढायचं काही नाही. माझ्या बायकोला जमायचं, आणि तिला साधं बरणीचं झाकण उघडत नव्हतं."

"तू कॉफी पी."

पण तिने रिव्हॉल्व्हरच काढलं. काळं, मध्यम वजनाचं, लाकडी मुठीचं. नेडीनच्या हातात ते नीट बसलं.

"भीती कुणाची वाटते?" डार्लाने विचारलं. "चोराची? म्हणजे त्या हिशेबाने सांगता येईल."

"छे हो. आमच्या रस्त्याला टपालाची गाडी सोडली तर कुणी वळत नाही."

"घरात लहान मुलं? मग कुलपाची पेटी लागेल."

"घरात मी असते."

बाहेर वारा सुटला होता. कापलेल्या मक्याचा भुसा दाराच्या काचेवर येऊन आपटत होता.

नेडीनने पर्समधून शेरीफच्या कचेरीतला परवाना काढला आणि घड्या हाताने सपाट केल्या. "घ्यायच्या आधी एकदा चालवून बघता येतं का?"

"येतं ना. मागे नेमबाजीची रेंज आहे, तिथे हेच भाड्याने देतो." डार्ला किल्ल्या शोधता शोधता थांबली. "सोबत कोण आलंय? गाडीत बसलेत का?"

"सोबत?"

डार्लाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. नेडीनने चष्मा वर सरकवून वाचलं. एकट्याने आलेल्या व्यक्तीस भाड्याचे पिस्तूल मिळणार नाही.

"का बरं?"

"नियम आहे," डार्ला म्हणाली, आणि स्वच्छ असलेली काच फडक्याने पुसू लागली. व्हर्न खिडकीबाहेर पाहू लागला.

नेडीनला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिची मान खाली गेली. मग तिने विचारलं, "विकत घेतलं तर मिळतं एकटीला?"

"मिळतं."

"मग विकतच द्या."

परवाना काचेवर होता. शिक्का बरोबर होता, सही बरोबर होती. डार्लाने तो उचलला नाही. मागच्या वर्षी एका माणसाचा असाच कागद तिने उचलला होता. भला माणूस होता. तो गोळ्या घ्यायला पुन्हा आला नाही. त्याला एकच पुरली.

"व्हर्न, इकडे ये. काउंटर सांभाळ. कुणाला काही विकू नकोस."

"आणि तू कुठे निघालीस?"

"मी यांच्या सोबत आले आहे," डार्ला म्हणाली.

रेंजवर तिने नेडीनच्या कानांवर जाड कानझाकणं चढवली. आवाज सगळे बंद झाले. नेडीनला त्याचं काही वाटलं नाही. घरी असंच असायचं. मग डार्ला मागे येऊन उभी राहिली. तिने आपल्या हातांत नेडीनचे दोन्ही हात घेतले, हनुवटी तिच्या खांद्याशी आणली आणि मोठ्याने म्हणाली, "श्वास सोडा. हं, आता."

पहिली गोळी निशाणाच्या कागदाच्या कोपऱ्यात गेली. नेडीन दचकली आणि हसली. कान बंद असल्यामुळे ते हसू तिला आतून ऐकू आलं. दहावी गोळी काळ्या वर्तुळात बसली. अकरावीही. बारावीही. डार्लाने हात काढून घेतले.

त्यापुढची एकही गोळी कागदाला लागली नाही.

"धरा ना जरा!" नेडीन ओरडली. कान बंद असलेली माणसं ओरडतात तसंच. पण ती मागे वळली नाही.

डार्लाने पुन्हा हात धरले. गोळ्या संपल्यावरही तिने ते लगेच सोडले नाहीत.

दुकानात परतल्यावर डार्लाने विचारलं, "मग? हेच घ्यायचं?"

नेडीन काचेखालच्या रांगांवरून डोळे फिरवत होती. "आज नको. इतकी आहेत, न चालवता कसं ठरवायचं? सगळी बघेन म्हणते. एकेक करून."

"रोज एक म्हटलं तर थँक्सगिव्हिंगचा सण उजाडेल," व्हर्न म्हणाला.

"उजाडू दे." नेडीनने परवान्याची पुन्हा घडी घातली आणि तो पर्समध्ये ठेवला. दाराशी जाऊन ती थांबली. "उद्या किती वाजता उघडता?"

"नऊला."

"मी आठलाच येऊन गाडीत बसेन," नेडीन म्हणाली. "तुम्ही घाई करू नका."