सॅक्सोफोनची जागा

गांजा कायदेशीर करायला हवा, असं मी जेवताना पुन्हा म्हणाले. बाबांनी सुतावरून स्वर्ग गाठला. "सोळाव्या वर्षी ओढायला लागलीस?" "नाही. मत असायला ओढावं लागतं का? तुमची दारू दुकानात मिळते, आणि दादा काडेपेटीएवढ्या पुडीसाठी तुरुंगात." बाबांचा घास हातातच राहिला. पोलिसांना फोन त्यांनीच केला होता. दोन दिवस घाबरेल, सुधारेल म्हणून. खटला रखडला; आता तुरुंगातलं दुसरं वर्ष चालू आहे. मी ताट सोडून खोलीत गेले आणि मी रेकॉर्ड केलेला जॅझच्या ठेक्यावरचा रॅप मोठ्याने लावला. नेहमीप्रमाणे आवाज कमी करायला बाबा आत आले, तेवढ्यात गाण्यातले माझे शब्द थांबले. नुसता ड्रम टिकटिकत राहिला. "बिघडलं का काही?" "नाही. एवढी जागा दादाच्या सॅक्सोफोनची. सुटला की वाजवेल." बाबांनी गाणं मागे नेलं आणि त्या रिकाम्या जागेवर आवाज वाढवला.