ज्याने मारला, त्याने वाढवायचा

"काका, गॅलरीतून आत जा," रेवती खालून ओरडली. "शेवटचा बॉल आहे, सहा हवेत."

दुसऱ्या मजल्यावरचे देवस्थळीकाका हलले नाहीत. पूर्वी त्यांच्या गॅलरीत गेलेला बॉल कधी परत यायचा नाही, शिवाय मारणारा आउट. फाटलेल्या बॉलांनी सोसायटीचं गटार तुंबायचं.

आता बॉल कागदाच्या लगद्याचे होते आणि प्रत्येकाच्या पोटात एक बी असायचं. बॉल फुटला, की संध्याकाळपर्यंत त्याला कोंब यायचा. झाड कसलं, ते आधी कोणालाच कळायचं नाही. 'ज्याने मारला, त्याने आणायचा' हा जुना नियम जाऊन 'त्याने वाढवायचा' असा झाला होता. रेवतीच्या नावावर एक शेवगा आणि एक कडुलिंब आधीच होते.

"याला तडा गेलाय," कीपर शर्विल म्हणाला. "आता मारलास तर फुटणारच."

"फुटू दे की."

बॉल आला. रेवतीने तो असा उचलला, की सगळ्यांच्या माना वर गेल्या. देवस्थळीकाकांनी मातीने भरलेली कुंडी चटकन पुढे केली. बॉल थपकन तिच्यात रुतला.

"सिक्स," काका म्हणाले. "पाणी घालायला रोज वर यायचं. पण आंबा निघाला, तर बॉल परत मिळायचा नाही."