शेरा : उत्तम

मजकुरात पुस्तकी शब्द किती टक्के आहेत हे मोजून शेरा देणारं सॉफ्टवेअर प्राध्यापक खदीजाने विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी बनवलं होतं. आज तिने रागारागाने त्यात लेकीचा मेसेज टाकला. सहरने चांगली नोकरी सोडल्यावरून मायलेकींचं कडाक्याचं वाजलं होतं आणि ती खारघरच्या घरातून वाशीला मैत्रिणीकडे राहायला गेली होती.

"'सदर विषयावर पुनर्विचाराची आवश्यकता वाटत नाही.' सहासष्ट टक्के! शेरा, उत्तम! आईशी असं बोलतात?" खदीजा नवऱ्यावरच कडाडली.

"तू तिला काय लिहिलं होतंस? ते पण टाक ना," नजीब शांतपणे म्हणाला.

तिने धुसफुसत टाकलं. 'तुझ्या निर्णयामागील भूमिकेचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन अपेक्षित आहे.' एकाहत्तर टक्के. अतिउत्तम.

खदीजाने दोन्ही शेरे पुन्हा वाचले. मग तिने नवा मेसेज लिहिला, "पापलेट आणलंय. घरी ये ना गं." आणि न मोजताच पाठवून दिला.

उत्तर लगेच आलं. "कालवण कर अम्मी, तळू नको. निघालेच."

खदीजाने ओढणीने डोळे पुसले, आणि खोड जाईना म्हणून तेही सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. 'पुस्तकी शब्द शून्य. मजकुरात सुधारणा आवश्यक.'

"खबरदार काही सुधारायला गेलीस तर," म्हणत नजीबने घाईघाईने पिशवी उचलली. पापलेट तर अजून आणायचंच होतं.