गावाकडे वळवलेल्या चपला
तंजावूरहून बसने आलेल्या भरद्वाजला आणि लेक साईप्रियाला समुद्रातून मनोरा किल्ला पाहायचा होता. मल्लिपट्टिणमच्या धक्क्यावर नावाड्याने दोघांना चपला काढायला लावल्या. "नाव आमची अम्मा, सार," तो म्हणाला. भरद्वाजच्या बायकोला, शांभवीला, लाटा सोसत नसत. ती भाताचा डबा घेऊन चपलांपाशी बसली. "घाबरट आई, आम्ही जेवायला येतोच," साईप्रिया नावेतून ओरडली. दुपार टळली, वारा फिरला, पाणी काळवंडले. नाव दिसेना. शेजारी जाळे विणणारी म्हातारी उठली आणि समुद्राकडे तोंड असलेले दोन्ही जोड तिने गावाकडे वळवले. "असं का, पाट्टी?" शांभवीने त्या आजीला विचारले. "म्हणजे पाय घराकडे वळतात." तेव्हा शांभवीला पलीकडे तिसरा जोड दिसला. तो गावाकडेच वळवलेला होता. पट्टे उन्हाने विटलेले, आत वाळू साचलेली. "हा कुणाचा?" "माझ्या मुलाचा. तोही जेवायलाच येणार होता."